माझ्या वजनाचा गूळ

आमच्या गावात माझं वजन सगळ्यांना ठाऊक असायचं. पाटीलकीचा मान असतो, गायनाचा मान असतो, तसा माझ्याकडे वजनाचा मान होता. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. गावाच्या कडेला टेकडी आणि टेकडीवर पीर. दरसाल उरसाच्या दिवशी तिथल्या कडुनिंबाला भला मोठा तराजू टांगायचे. एका पारड्यात मी बसायची आणि दुसऱ्यात माझ्या वजनाइतका गूळ ठेवायचे. मग तो गूळ गावभर वाटायचे. लोक गूळ खायचे आणि पुढच्या उरसापर्यंत माझ्याबद्दल बोलायचे.

हा नवस माझ्या आत्याचा. मी दिवस भरायच्या आधीच जन्मले. आई कपाशी वेचत होती, तिथंच तिच्या पोटात दुखायला लागलं. जन्मले तेव्हा मी म्हणे मांजराच्या पिलाएवढी होते. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नळ्या, सुया, औषधं असं सगळं चाललं होतं, आणि आलेली प्रत्येक बाई आईला धीर देण्याच्या नावाखाली रडवून जात होती. आत्या तेवढी रडली नाही. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली, मूलबाळ नव्हतं. ती दवाखान्यातून तडक गावी आली, टेकडी चढली आणि पिराला म्हणाली, "माही भाची जगू दे. तिचं लगन होईपर्यंत दर उरसाला तिच्या वजनाचा गूळ वाटीन." मी जगले. माझ्या जगण्यात दवाखान्याचा वाटा किती आणि पिराचा किती, यावर आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. आत्यासमोर ते काढायची कुणाची छाती नव्हती.

नवसात एक कलम आत्यानं नंतर आपल्या मनानं घातलं. दरसाल माझं वजन आदल्या सालापेक्षा वाढलंच पाहिजे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पिराची सेवा करणाऱ्या मुजावरानं नाही, घरच्यांनी नाही. पण तिनं ठरवलं ते ठरवलं. "भार घटला म्हंजे समजा, पिरानं देल्लं वापस घ्याले सुरवात केली," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. बाकी सगळ्या बाबतीत माझी आत्या अशी होती, की रानडुक्कर समोर आलं तर तिनं त्यालाच वाट विचारली असती. फक्त या एका गोष्टीला ती घाबरायची.

म्हणून मग मला खाऊ घालणं हे घरातलं पहिलं काम झालं. उरूस जवळ आला की त्याला जोर चढायचा. सकाळी चहात बुडवून बिस्किटं, मग तूप-साखर-पोळी, दुपारी पाकिटातलं काहीतरी कुरकुरीत, संध्याकाळी परत पोळी आणि वर गूळ. मी पुरे म्हटलं की आत्या म्हणायची, "अजून अर्धी घे." ही अर्धी पोळी माझ्या बालपणात इतक्या वेळा आली, की पूर्ण पोळीची मला तेवढी आठवण नाही.

त्याच काळात आमच्या वावरात नवीन बियाणं आलं होतं. बीटी कपाशी. बोंडअळीला मारून टाकणारी. बाबांनी, आणि बाबांसारख्या सगळ्यांनीच, जिथं जिथं माती होती तिथं तिथं कपाशी लावली. आधी आमच्याकडे ज्वारी असायची, तिच्या ओळींत तूर, मूग, उडीद, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी. ते एकेक करत गेलं. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून म्हैस गेली, म्हैस गेली म्हणून ताक गेलं. घरात गहू आणि मैदा आला, पाकिटातलं दूध आलं. पहिली काही वर्षं कपाशीनं हात दिला. मग पावसानं दगा द्यायला सुरुवात केली, भाव पडले, अळीही परत आली, आणि आमच्या भागाचं नाव पेपरात येऊ लागलं ते चांगल्या कारणासाठी नाही. बाबा त्या दिवसांत गप्प असायचे. पण मी जेवायला बसले की त्यांचा चेहरा उजळायचा. माझे गाल बघून त्यांना वाटायचं, काही का असेना, आपल्या घरातलं पोर तर भरलेलं आहे. मलाही तसंच वाटायचं. मी फार सुखी पोरगी होते, हे मी आज शपथेवर सांगू शकते.

माझ्या मानेवर काळा पट्टा उठायला लागला तेव्हा आईला वाटलं मळ आहे. ती मला ओट्यावर बसवून बेसन-हळदीनं मान घासायची. मग टाचा घासायची वजरी घेऊन घासायची. मी बोंब मारायची. मान लाल व्हायची, पण काळं जायचं नाही. "आंगूळ करतच नाही व ही पोट्टी," असं ती शेजारणीला सांगायची, आणि मी दिवसातून दोनदा आंघोळ करत असूनही गावात माझी तीच कीर्ती झाली.

मग एकदा शाळेत मुलांना तपासायला डॉक्टर मंडळी आली. त्यांतल्या एकानं माझी मान पाहिली, पोट दाबून पाहिलं, उजव्या बाजूला जड वाटतं का विचारलं. मी म्हटलं, जेवल्यावर वाटतं. त्यांनी घरी निरोप दिला, हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

आम्ही एसटीनं घाट चढून बुलढाण्याला गेलो. आई, बाबा आणि मी. मुलांच्या डॉक्टर होत्या, बाई होत्या, आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करवून घेतली आणि आईबाबांना समोर बसवून सांगितलं, "हिच्या लिव्हरवर चरबी साचली आहे. फॅटी लिव्हर म्हणतात याला."

आई घाबरून म्हणाली, "पन बाई, आमच्या घरात कोनी पीत नाही!"

आमच्याकडे लिव्हर खराब होणं म्हणजे दारू, दुसरं कारण कुणाला माहीतच नव्हतं. पुढे ही बातमी गावात पोचली तेव्हा वर्गातल्या एका कार्ट्यानं मला खरंच विचारलं, "काव, तू चोरून पेतं का?" मी त्याला दप्तर फेकून मारलं होतं. पण त्या दिवशी डॉक्टरीनबाई हसल्या नाहीत. त्यांनी मानेवरचा काळा पट्टा दाखवला. म्हणाल्या, हा मळ नाही, हे आतल्या बिघाडाचं चिन्ह आहे. आईनं एकदम माझ्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथं बराच वेळ ठेवला. आईच्या हातानं मान घासून घेण्याची सवय असलेल्या मला तो मऊ हात इतका बरा वाटला, की मला आजार झाल्याचा आनंदच झाला.

मग त्यांनी पोटातल्या जिवाणूंचं सांगितलं. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, दुधाचं दही करतात त्यांच्याच नात्यातलेही काही. जाडंभरडं, चोथ्याचं खाल्लं की भले जिवाणू त्यावर जगतात आणि आपलंही भलं करतात. सारखं गोड आणि मैदा मिळाला की ते उपाशी मरतात आणि दुसरेच माजतात. मग आतड्याची आतली भिंत कमजोर पडते, आणि नको ते रक्तातून सरळ लिव्हरकडे जातं. मी दिवस भरायच्या आधी जन्मले, लहानपणी पुष्कळ औषधं झाली, त्यानंही माझ्या पोटातली वस्ती विस्कटली असेल. "यातलं सगळं आम्हाला कळलंय असं मी म्हणणार नाही," असंही त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं होतं. आमच्या गावात माहीत नाही असं म्हणणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

बाबा इतका वेळ टोपी हातात घेऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे हिच्या पोटातबी आमच्या वावरावानी झालं म्हना ना. तऱ्हेतऱ्हेचं होतं ते गेलं अन एकच माजलं."

"जवळपास तसंच," डॉक्टरीनबाई म्हणाल्या. "आता काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. लहान वय आहे, लिव्हर सुधारतं. पण असंच चालू राहिलं तर पुढे ते कडक होत जाईल, आणि मग माझ्या हातात फार काही नसेल."

औषध म्हणून त्यांनी सांगितलं ते असं: ज्वारीची भाकर, उसळ, पालेभाजी, ताक. साखर, बिस्किटं आणि पाकिटं बंद. रोज घाम येईपर्यंत धावायचं. वजन उतरलं पाहिजे.

वजन उतरलं पाहिजे. घरी येऊन हे आत्याला सांगायची वेळ आली तेव्हा बाबा गुरांचं पाणी बघायला निघून गेले, घरात गुरं नव्हती तरी. आईनंच सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती घटवाचं म्हनते?" आईनं सांगितल्यावर ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठ करून बसली.

पाऊस लागल्यावर बाबांनी विहिरीजवळच्या तुकड्यात कपाशीऐवजी ज्वारी पेरली. मधून मधून मूग-उडीद टाकला, धुऱ्यावर अंबाडी. शेजारच्या वावरवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. गावभर ज्वारी असते तेव्हा पाखरं वाटून खातात. एकट्याचीच ज्वारी असली की पंचक्रोशीतली पाखरं एकाच पंगतीला बसतात. बाबा म्हणाले, राखण करू. मग माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरीनबाईंची धावायची अट आठवली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला पळून जावंसं वाटलं.

कणसं दुधावर आल्यापासून मी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर ज्वारीच्या राखणीला लागले. वावरात मचाण बांधलं होतं, पण मचाणावर बसून राहणारी राखण पाखरं ओळखून असतात. या कोपऱ्यात डबा वाजवला की थवा त्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात धावलं की मागे. मी हो-हो करत, डबा बडवत, धुऱ्याधुऱ्यानं धावायची. पहिल्या दिवसांत मला धाप लागायची आणि मी पाखरांना शिव्या द्यायची. मग शिव्या देऊनही दम उरायला लागला. एकदा गोफण फिरवताना दगड उलटा सुटला आणि बाबांच्या टोपीवरून गेला. ते म्हणाले, "पाखरं सोड, आधी बापाले वाचव!" त्या वर्षी ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तेव्हा.

घरात मात्र शांतता नव्हती. शिदोरीच्या फडक्यात भाकरीखाली मला रोज गुळाचा खडा सापडायला लागला. मी तो खायची, मला काय, गूळ होता. एक दिवस आईनं आत्याला फडकं बांधताना पाहिलं. तिनं आत्याला तोवर उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या दिवशी दिलं. "बाई, तुमी तिले जिवानं मारता का आता?"

आत्याच्या हातातला खडा खाली पडला. ती म्हणाली, "मी? मी मारीन व तिले? तिचा भार घटला अन पिरानं तिले वापस नेलं त मी काय करू? कोनाले तोलू मंग?" आणि काचेच्या पेटीतल्या माझ्यासाठीही जी रडली नव्हती, ती माझी आत्या तिथं ओट्यावर बसून रडली.

मी दाराआड उभी होते. मला तेव्हा नीट कळलं. वजन वाढलं तर लिव्हर जाणार, असं डॉक्टरीनबाई म्हणत होत्या. वजन घटलं तर मीच जाणार, असं आत्या धरून बसली होती. दोघींनाही मी हवी होते. मला आत्याचा राग आला नाही. फक्त इतकं वाटलं, की आता आपण मरायचं नाही, नाहीतर ही बाई स्वतःला कधी माफ करणार नाही. त्या दिवसापासून गुळाचा खडा आला नाही, आणि आला असता तरी मी तो पाखरांना टाकला असता.

ज्वारी आली. पाखरांनी आपला वाटा नेलाच, तरी घरापुरती उरली. कडबा आला म्हणून मामानं आईच्या माहेराहून एक गाय आणून बांधली, आणि घरात पुन्हा ताक घुसळल्याचा आवाज आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, ताकात शिजवलेल्या कण्या. पहिले काही दिवस पोट गुरगुरायचं. बाबा म्हणायचे, "जुनी वस्ती अन नवी वस्ती भांडून राह्यली." नंतर भांडण मिटलं. जेवण झाल्यावर अंगावर येणारी ती जड झोप गेली, उजव्या बाजूचं दडपण गेलं. मानेवरचा काळा पट्टा सावकाश फिका होऊ लागला आणि आईनं वजरी कायमची गोठ्यात टाकून दिली.

परत बुलढाण्याला गेलो तेव्हा आत्याही आली. घाटात तिला मळमळलं, पण खिडकीचा गज धरून ती बसून राहिली. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीनबाई म्हणाल्या, चरबी उतरायला लागली आहे, असंच चालू ठेवा. आम्ही उठणार, तेवढ्यात आत्यानं पदर सावरून विचारलं, "वजन घटून राह्यलं हिचं. राहीन ना व पोरगी?"

डॉक्टरीनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "राहील," त्या म्हणाल्या. "राहावी म्हणूनच घटवतोय."

आत्यानं मान हलवली. पण उरूस आता जवळ आला होता.

उरसाच्या दिवशी नेहमीसारखी टेकडी भरली होती. तराजू आमच्या किराणावाल्या चाचांचा असायचा आणि गूळही त्यांच्याच दुकानातला. चाचा दरसाल स्वतः पारडी पुसायचे, साखळ्या ओढून बघायचे आणि मला हात देऊन बसवायचे. त्या वर्षी त्यांनी सवयीनं आधीच्या सालाइतक्या गुळाच्या ढेपी पारड्यात मांडून ठेवल्या. पुढचं वजन वरून लहान खड्यांनी भरायचं, ही त्यांची पद्धत. "बैठ जा बेटी, संभालके," ते म्हणाले. मी बसले.

दरसाल माझं पारडं धाडकन खाली जायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी ते खाली आलंच नाही, वरच राहिलं. मी पहिल्यांदा हवेत लोंबकळत होते. मला मोठी मजा वाटली, मी पाय हलवले, आणि मग खाली पाहिलं तर कुणीच हसत नव्हतं. मागून एक बाई म्हणाली, "माय वं, पोट्टी त सुकली." चाचांनी गडबडीनं एक ढेप उचलायला हात घातला.

"थांबा," आत्या म्हणाली.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला उतरवून घरी नेईल. त्या वर्षी बाबांनी नव्या ज्वारीचं गाठोडं पिराला चढवायला आणलं होतं, ते बाजूला ठेवलं होतं. आत्यानं ते सोडलं. "फराकाचा घोळ पसर," ती मला म्हणाली. मी फ्रॉकचा घोळ पसरला. तिनं ओंजळभर ज्वारी घेतली आणि माझ्या ओटीत टाकली. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी. दाणे माझ्या पायांवर सांडत होते. सगळी टेकडी बघत होती. पारडं हळूहळू खाली येत गेलं, आणि एका ओंजळीला काटा मधोमध येऊन थांबला.

"बराबर," चाचा म्हणाले, अगदी हळू.

आत्यानं हात झटकले, पदर डोक्यावर घेतला आणि पिराकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "पाह्य बाबा. पोरगी तेवढीच हाय. थोडी आंगात हाय, थोडी ओटीत हाय. घटलं काईच नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा दुसरीकडे बघत होते. मी ओटी धरून बसले होते आणि मला खाली उतरायचंच नव्हतं. ज्वारी उन्हात तापलेली होती, मांडीवर ऊबदार लागत होती. माझ्या उभ्या आयुष्यात माझे इतके लाड कुणी केले नाहीत.

पुढे सोनोग्राफी साफ आली, मानेवरचा डाग गेला, लग्न होईपर्यंत मी दरसाल तराजूत बसले आणि कमी पडेल तितकी ज्वारी ओटीत घेत राहिले. पण मला सांगायची आहे ती त्याच उरसाची संध्याकाळ. गूळ वाटून, दुखऱ्या पायांनी आम्ही घरी आलो. आत्यानं मला वाढलं. भाकर, ताक, मुगाची उसळ. मी एक भाकर खाल्ली, ताक प्यायले आणि म्हटलं, पुरे.

आत्याचा हात टोपल्याकडे गेला, भाकरीला लागलाही. मी वाट बघत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि माझं ताट उचलून धुवायला नेलं.